नारळ प्यालेला टेप

बोईसरला एस.टी.तून उतरली तेव्हा पुष्पलताने छातीशी टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी धरलं होतं, आणि त्यातून टप... टप... पाणी गळत होतं. कंडक्टरने वाटेत दोनदा बजावलं होतं, "बाई, मासळी असेल तर टपावर ठेवा." मासळी नव्हती, शाळेचा नवाकोरा टेपरेकॉर्डर होता. पण ते सांगत बसण्यापेक्षा मासळीच बरी, म्हणून ती गप्प राहिली.

स्टेशनच्या अलीकडे, कारखान्यातल्या कामगारांच्या खोल्यांच्या रांगेत एक टपरी होती. पाटीवर एवढंच — 'रेडिओ, टेप, ट्रान्झिस्टर'. आत एक तरुण मान खाली घालून तारेला डाख देत होता. राळेचा निळसर धूर त्याच्या कपाळावरच्या केसांत घुटमळत होता.

"काय झालं?" त्याने मान वर न करताच विचारलं.

"बंद पडलाय."

"कधी?"

"सुरू व्हायच्या आधीच."

आता मात्र त्याने वर पाहिलं. पाहिलं ते जरा जास्तच वेळ. मग टॉवेल सोडला, चार स्क्रू काढले, झाकण उचललं, वास घेतला. चिमट्याने एक पांढरा तुकडा अलगद बाहेर काढून उजेडात धरला.

"बाई... याला नारळ कुणी पाजला?"

पुष्पलताचे कान तापले. "आमच्या मुरबे गावात होडीला नवं इंजिन आलं की त्याच्यावर नारळ फोडतात. फोडल्याशिवाय होडी दर्यात जात नाही. शाळा समितीचे महादू तांडेल म्हणाले, यंत्र ते यंत्र. मी नको म्हणेपर्यंत..."

"फुटला?"

"पहिल्याच फटक्यात."

तो हसला नाही. हसू दाबायचं म्हणून खाली वाकून उगाच पेचकस शोधू लागला, पण त्याचे खांदे हलत होते. शेजारी रेडिओ घ्यायला आलेला रामकिसन नावाचा कामगार मात्र खदाखदा हसला. "भगवंतभाई, परसाद तो बाँटो!"

भगवंतने पुठ्ठ्याचं छोटं कार्ड काढलं. प्रत्येक वस्तूसाठी तो असं कार्ड लिहायचा. नाव, गाव, दोष, उपाय. 'दोष' या शब्दापुढे त्याने गंभीरपणे लिहिलं — नारळपाणी.

"शनिवारी या," तो म्हणाला. "आणि बाई, आता सत्यनारायण घालू नका. तीर्थ सोसायचं नाही त्याला."

*

खरं म्हणजे टेप बंद पडला तेव्हा पुष्पलताला मनातून हायसंच वाटलं होतं. सात वर्षं ती खडू-फळ्यावर शिकवत होती, आणि बरी शिकवत होती. पालघरजवळच्या माहीमच्या पानवेलींच्या वाडीत वाढलेली मुलगी. यंत्र म्हटलं की तिच्या डोळ्यांसमोर फक्त विहिरीवरचा पंप यायचा, तोही रुसणारा. पण पालघरच्या शिक्षण खात्यातून पत्र आलं होतं : यंत्र शाळेला वापरून बघायला दिलं आहे. जानेवारीत विस्तार अधिकारी येऊन वर्गात बसतील. यंत्र शिकवण्यात वापरलं जात नसेल तर दुसऱ्या शाळेला देण्यात येईल.

'नेऊ देत की,' ती मनात म्हणायची. आणि मग शनिवार आठवायचा.

शनिवारी टेप गाऊ लागला. तिने तो वर्गात लावला. सोबत आलेल्या कॅसेटमधल्या बाई गोड, घोटीव आवाजात कविता म्हणत होत्या. पोरं पहिली पाच मिनिटं डब्यात बाई कुठे बसली ते शोधत राहिली. पुढची पाच मिनिटं हसली. नंतर खिडकीबाहेर, काठ्यांवर वाळणाऱ्या बोंबलांकडे बघत बसली.

"त्यांना आवडत नाही," पुढच्या आठवड्यात तिने टपरीवर तक्रार मांडली, जशी काही चूक भगवंतची.

"तुम्ही काय करता तेव्हा?"

"मी? मी बटण दाबते आणि हाताची घडी घालून उभी राहते."

"म्हणजे तुम्ही त्याला नुसतं बोलायला लावता. ऐकायला कधी लावलंत का?"

"यंत्र ऐकतं?"

"माणसांपेक्षा बरं ऐकतं. मधे बोलत नाही." त्याने टेप तिच्यासमोर सरकवला. "हे लाल बटण काय वाटलं तुम्हाला?"

"लाल आहे म्हणून मी हातच लावला नाही..."

"हे लाल आणि शेजारचं, दोन्ही एकदम दाबायची. एकटं लाल दाबून उपयोग नाही. बघा — एक तुम्ही दाबा, एक मी."

दोन बोटं, एकमेकांना लागतील न लागतील अशी. खट्ट! चाकं फिरू लागली. बाहेर रिक्षा धडधडत गेली, कारखान्याच्या पाळीची बस भोंगा वाजवून वळली.

"बोला काहीतरी," तो हळूच म्हणाला.

"काय बोलू...?"

त्याने ते उलटं फिरवून ऐकवलं. रिक्षा, भोंगा, आणि मग एक बाईचा आवाज, दुरून आल्यासारखा, 'काय बोलू...?' पुष्पलता चकित झाली. हा आवाज आपला? इतका मऊ? वर्गात तर हाच आवाज ऐकून पोरं टाचा जुळवून उभी राहतात.

*

तिच्या वर्गात ठमी नावाची मुलगी होती. तिसरीत आली तरी वर्गात तोंड उघडायची नाही. पुष्पलता तिला मंद समजत होती. सोमवारी तिने टेप पोरांच्या मधोमध ठेवला आणि म्हणाली, "आज हा बोलणार नाही. आज तो ऐकणार. घरात, बंदरावर जे ऐकता ते याला सांगा."

सगळ्यांनी आढेवेढे घेतले. आणि कोपऱ्यातून एकदम खणखणीत हाक आली —

"ये गो बाय, ताजा पापलेट हाय! हात लावून बग, शिळा नाय! आमी सकाळीच आनलाय, तुमी घेनार की नुसत्या वास घेनार?"

ठमी! कमरेवर हात, मान तिरकी, हुबेहूब आजीची ढब. टेप उलटा फिरवून ऐकवला तेव्हा ती जागेवरून उठली, यंत्राच्या जाळीला कान लावला, आणि म्हणाली, "बाई, माजाच हाय ना ह्यो? मग लिवा की फल्यावर."

पुष्पलताने खडू घेतला. 'हाय' लिहिताना हात थबकला. गेल्या वर्षी ठमीने पहिल्यांदा तोंड उघडलं होतं, 'हाय' म्हणाली होती, आणि आपण सगळ्या वर्गासमोर म्हणालो होतो, हाय नाही, आहे. त्यानंतर ही पोर बोललीच नव्हती. मंद कोण होतं मग?

तिने ठमीचं बोलणं जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं. शेजारी पुस्तकातलं लिहिलं. "हे घरचं. हे गावाला जायचं. दोन्ही आपलीच लुगडी," ती म्हणाली. त्या दिवशी ठमीने दोन्ही वाचली, बोट ठेवून, मोठ्यांदा.

मग वर्गाला जणू भरतीच आली. होडीच्या इंजिनाची धडधड ऐकून पोरं एका मिनिटातले ठोके मोजू लागली. एकाच्या आजोबांनी वाऱ्यांची नावं सांगितली, तोच भूगोल झाला. आणि या सगळ्यात एकच अडचण झाली — टेप बिघडेना.

*

टेप बिघडत नसला तरी पुष्पलता शनिवारी बोईसरला जातच होती. कधी 'घरघर येते', कधी 'आवाज थरथरतो'. ती काशीबाईंच्या घरात भाड्याने राहायची. काशीबाई टोपली घेऊन त्याच एस.टी.ने बोईसरच्या बाजाराला निघायच्या, आणि त्यांची नजर घारीची.

भगवंत दर वेळी टेप उघडायचा, शांतपणे पुसायचा, कार्डावर काहीतरी लिहून ते खणात टाकायचा. तो मनोरच्या बाजूच्या डोंगराकडचा. आईची थोडीशी भातशेती, आणि लहानपणी गावात एकच रेडिओ होता, तो मोडला म्हणून हा रेडिओवाला झाला. "गाणं अर्ध्यात थांबलं होतं," तो म्हणाला होता. "पुढचं काय ते ऐकायचं राहून गेलं."

तो असं काही बोलायचा, आणि ती परतताना एस.टी.च्या खिडकीत डोकं टेकून ते वाक्य मुरब्यापर्यंत पुरवून पुरवून वापरायची. मिठागरांवर ऊन पसरलेलं असायचं, पाण्यात आभाळ उतरलेलं... पण जानेवारी जवळ येत होता. टेप गेला तर पोरांचे आवाज जातील. आणि शनिवार जातील. टेपशिवाय कुठल्या तोंडाने जाणार त्या टपरीवर?

*

अधिकारी आले त्या दिवशी नेमके सेल मेले. पोरांनी ते बोंबलांशेजारी उन्हात वाळत घातले, तरी उठले नाहीत. पुष्पलताने आधीच निरोप धाडला होता म्हणून भगवंत आला होता. शाळेत वीज नव्हती, म्हणून त्याने शेजारच्या महादू तांडेलांच्या घरातून लांब वायर ओढली. पण जोड ढिला होता. हाताने दाबून धरला की टेप चालायचा, सोडला की बंद. म्हणून मेकॅनिक खिडकीशी उकिडवा बसला, वायर मुठीत धरून.

अधिकारी खुर्चीत. समितीचे लोक भिंतीशी. काशीबाई दारात. ठमीने कॅसेट घातली आणि ऐटीत म्हणाली, "बस थांब्यावरचे आवाज. मी भरले हायत. आहेत!"

ही कॅसेट पुष्पलताने पुरती ऐकली नव्हती. सकाळी ऐकायला बसली तर मधेच सेल गेले होते. एस.टी.चा भोंगा आला. कोंबडं आलं. अधिकाऱ्यांनी मान डोलावली. आणि मग काशीबाईंचा आवाज —

"का गो पुष्पे, परत चाललीस? मशिन बिगडलाय की तू?"

पुष्पलताने लगेच ओळखलं. हे परवाच्या शनिवारचं! एस.टी. येईपर्यंत ठमीने टेप थांब्यावरच्या बाकाखाली ठेवला होता, आणि दोन्ही बटणं दाबलेलीच...

तिने खिडकीकडे पाहिलं. डोळ्यांनीच गयावया केली — सोडा. वायर सोडा ना!

भगवंतने तिच्याकडे पाहिलं. त्याला कळलं होतं, अगदी पूर्ण कळलं होतं. त्याने मूठ आणखी घट्ट आवळली.

"मशिन ठणठणीत आहे हो, काशीबाई," टेपमधली पुष्पलता म्हणाली, त्याच मऊ, दुरून आल्यासारख्या आवाजात. "पण तसं सांगितलं तर तो म्हणेल, मग कशाला आलात? आणि त्याचं उत्तर मला खडूने लिहिता येईल, तोंडाने सांगता नाही येणार..."

एस.टी. आली. दार आपटलं. कॅसेट संपली.

एक पोर म्हणालं, "बाईंचा आवाज!" आणि ठमीने त्याला चिमटा काढला.

अधिकाऱ्यांनी घसा खाकरला, चष्मा पुसला. मग वहीत लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, "आवाज स्पष्ट. यंत्र... भरपूर वापरात आहे. याच शाळेत राहू द्यावे."

"आनि ह्यो मेकॅनिक?" काशीबाई दारातून कडाडल्या. "मुका हाय का? बोल रं बाबा, बस तर कवाच गेली!"

भगवंत उठला. हात मुंग्यांनी बधिर झाला होता. दुसऱ्या हाताने त्याने खिशातून कार्डांची चळत काढली आणि पुष्पलतासमोर धरली. पहिल्यावर 'नारळपाणी'. पुढच्या सगळ्या कार्डांवर 'दोष' या शब्दापुढे एकच — काही नाही. आणि 'उपाय' या शब्दाखाली दर वेळी, बारीक अक्षरात — पुढच्या शनिवारीही यावे.

"गाणं अर्ध्यात थांबू नये म्हणून वायर सोडली नाही," तो म्हणाला. "रागावलात?"

"रागावले," पुष्पलता म्हणाली. डोळे भरले होते, आणि ओठ ऐकत नव्हते. "फार रागावलेय... शनिवारी येऊन सांगते."

"टेप न आणता?"

"टेप कशाला? तो ठणठणीत आहे."

एवढ्यात महादू तांडेल नारळ घेऊन पुढे सरसावले. "शुभ बोललात. फोडू?"

"टेपवर नको!" दोघं एकदमच ओरडले.

तांडेल तो उंबऱ्यावर फोडायला वळले. ठमीने मात्र तेवढ्यात कॅसेट उलटी घातली होती, आणि वायरचा जोड दोन्ही हातांनी धरून ती ओरडली, "बाई, बटणं!"

एक पुष्पलताने दाबलं, एक भगवंतने.

ती कॅसेट अजून पुष्पलताच्या कपाटात आहे. आधी नारळ फुटल्याचा आवाज आहे, मग पोरांचा गलका, काशीबाईंचं काहीतरी चावट, आणि त्यानंतर बराच वेळ, टेप सरेपर्यंत, दूरच्या दर्याची गाज. त्या गाजेच्या अगदी जवळ दोन माणसं उभी आहेत, काहीच न बोलता. यंत्र त्यांचंही ऐकतंय.