पुढच्या सीटवर दोघं

त्या संध्याकाळी वियामने टॅक्सीतल्या पुढच्या दोन्ही जागा एकटीसाठी घेतल्या होत्या. असीला गावाला जाणाऱ्या त्या जुन्या मर्सिडीज गाड्यांत मागे चौघं आणि पुढे ड्रायव्हरशेजारी दोघं कोंबतात. पुढच्या दोघांना एकमेकांच्या बरगड्या मोजता याव्यात अशी ती सोय! नव्या नोकरीचा पहिलाच दिवस होता, दिवसभर ओळखी करून करून गाल दुखत होते, आणि आता कुणाचंही कोपर तिला नको होतं.

बाहेर शर्की, म्हणजे पूर्वेचा वारा, पिसाळला होता. तान्जिअरच्या कारखान्यांच्या फाटकांपासून रस्त्यापर्यंत नुसती धूळ. ड्रायव्हर हाज अलालने गाडी सुरू केली, तेवढ्यात एक उंच माणूस एका हाताने टोपी आणि दुसऱ्या हाताने कागदाची पुडी सांभाळत धावत आला.

“हाज, जागा आहे?”

“मागे भरलंय. पुढच्या दोन्ही या लल्ला बाईंनी घेतल्यात.”

तो खिडकीशी वाकला. “दोन्ही? कुणी यायचंय का?”

“नाही,” वियाम म्हणाली. “मला ऐसपैस बसायला आवडतं.”

“छान सवय आहे,” तो गंभीरपणे म्हणाला. “मीही उद्यापासून लावून घेईन. आजचं काय ते... हाज, यानंतर गाडी आहे?”

“नाही.”

“बघा. म्हणजे आता मी इथे वाऱ्यात उभा राहणार, उडून समुद्रात पडणार, आणि तुम्ही ऐसपैस बसणार.”

वियामला हसू आलं, आणि हसल्यावर माणसाला नाही म्हणता येत नाही. ती उतरली, तो आधी शिरून मधल्या अवघड जागेत गिअरच्या दांड्याला गुडघे टेकून बसला आणि तिला खिडकी दिली. पण खिडकीची काच अर्धी उघडी, आणि तिचे केस थेट त्याच्या तोंडावर! त्याने नुसतं एकदा फू करून एक बट बाजूला उडवली. मग त्याने हाजकडून काच वर-खाली करायचा दांडा मागून घेतला — सगळ्या गाडीत मिळून तो एकच दांडा होता, आणि हाज तो जिवापाड जपायचा — आणि तिला स्पर्श होणार नाही अशा बेताने हात लांब करून काच वर केली.

“आता तोंड उघडायला हरकत नाही,” तो म्हणाला. “मी झुहैर.”

दुसऱ्या दिवशी कळलं की झुहैर तिच्याच कारखान्यात, दुसऱ्या ओळीचा पाळीप्रमुख. तिथे मोटारींसाठी वायरींच्या जुड्या बांधल्या जात. लांबच लांब सरकत्या फळ्या आणि त्यांच्याकडेने चिकटपट्ट्या गुंडाळणाऱ्या बायका. आणि वियाम? वियाम होती मनुष्यबळ विभागाची नवी प्रमुख. कुणाला घ्यायचं, कुणाला चढवायचं, कुणाला उतरवायचं, हे सगळं तिच्या टेबलावर.

“म्हणजे काल मी साहेबांच्या मांडीला मांडी लावून बसलो होतो,” झुहैर म्हणाला.

“आजही बसाल. जागा तरी दुसरी कुठे आहे?”

बोलून गेली आणि कानाच्या पाळ्या तापल्या तिच्या.

मग ते रोजचंच झालं. तो येताना कागदात गरम कलिंती आणायचा — भट्टीत भाजलेली हरभऱ्याच्या पिठाची मऊ वडी, वर मीठ-जिरं — आणि बरोबर अर्धी तिला द्यायचा. अर्धी कसली, नेहमी मोठा तुकडा तिचा असायचा. दुसऱ्या ओळीवरची लल्ला रहमा तिला पाहिलं की मुद्दाम मोठ्याने म्हणायची, “बायांनो, आज जिऱ्याचा वास कुठून येतोय गं?” आणि सगळी ओळ खुसखुसायची.

एकदा टॅक्सीत ती म्हणाली, “तुम्ही कुणाला रागावत कसे नाही? बाकीच्या ओळींवर आरडाओरडा ऐकू येतो. तुमच्याकडे नुसत्या गप्पा.”

त्याने पुडीच्या कागदाची घडी घालून खिशात ठेवली. “कुणाला सांगू नका...”

“नाही सांगणार.”

“मला येतच नाही रागवायला. घशाशी येतं आणि तिथेच अडकतं. परवा फातिनचं बाळ तापलेलं. तिला घरी पाठवलं आणि तिच्या जागेवर मीच पट्ट्या गुंडाळत बसलो. वाकड्या गुंडाळल्या, रहमाने सोडवून परत केल्या.” तो ओशाळून हसला. “आई म्हणते, हे पोर बायकांपुढे मेण होतं. मला वाटतं, रागवायला काहीतरी हक्क लागतो. परक्याच्या लेकीबाळींवर कुठल्या हक्काने ओरडायचं?”

वियामला त्या क्षणी तो इतका आवडला... इतका, की असीला आलं तरी तिला उतरायचं सुचेना.

आता वियामबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. तिच्या आधी त्या कारखान्यात पदं वाटली जायची ती मेव्हण्या-पुतण्यांत. ती आली आणि तिने ठणकावून सांगितलं, इथे यापुढे वशिला चालणार नाही. वर्षातून एकदा सगळे व्यवस्थापक एका टेबलाशी बसतील, पाळीप्रमुखांची एकमेकांशी तुलना होईल, पहिल्याला बढती, शेवटच्याचं पद जाईल. उत्तम माणसं वर, म्हणजे कारखाना वर. नियम तिचा होता. त्याचा तिला अभिमान होता. आणि खरं सांगायचं तर, आपण निःपक्षपाती आहोत यापेक्षा आपण निःपक्षपाती दिसतो याचा तिला जरा जास्तच अभिमान होता.

ते टेबल बसलं. पुदिन्याचा चहा आला. एकेक नाव होत होत झुहैरचं आलं, आणि संचालक सी मुनीर मिशीत हसले.

“याच्याबद्दल लल्ला वियामच सांगतील. ऐकतो आम्ही, रोज एकाच सीटवर प्रवास असतो म्हणे.”

टेबल हसलं. फार काही वाईट हसणं नव्हतं ते. पण वियामने हातातला चहाचा पेला खाली ठेवला. आता आपण याचं चांगलं बोललो, की झालं! उद्यापासून सगळे म्हणतील, आधीच्यांचे पुतणे होते, हिचा तर...

“झुहैर?” तिने आपला आवाज ऐकला. अगदी थंड, कोरडा आवाज. “माणूस म्हणून बरे आहेत. पण त्यांना रागवायला येत नाही. स्वतःच कबूल करतात. बाई घरी गेली की स्वतः तिच्या जागेवर बसतात, तेही काम वाकडं होतं. पाळीप्रमुखाचा हा गुण नाही.”

सी मुनीरनी भुवया उंचावल्या. “वा. याला म्हणतात न्याय.”

त्या शाबासकीकडे न बघता तिने घाईने पुढचं नाव वाचलं.

झुहैर शेवटचा ठरला. त्याला गोदामात पाठवायचं ठरलं, आणि ते त्याला सांगायचं काम अर्थातच तिचं होतं. तो समोर खुर्चीच्या कडेला बसला होता. तिने ठरवलेली वाक्यं म्हटली — ओळीवर वचक नाही, रागवायला जमत नाही, इतरांचं काम स्वतःवर ओढून घेता...

झुहैरने मान वर केली. “हे ओळखीचं वाटतंय.”

तिने पुढ्यातला कागद सरळ केला.

“फातिनचं बाळही सांगितलंत?”

तिने टेबलाकडे बघत होकारार्थी मान हलवली. त्याने ओरडावं, टेबलावर हात आपटावा, असं तिला फार वाटलं. पण त्याला रागवायला येत नव्हतं ना! तो उठला, खुर्ची नीट आत सरकवली. “ठीक आहे, लल्ला वियाम,” म्हणाला आणि गेला.

त्या दिवसापासून तो टॅक्सीत मागे बसू लागला. पुढे तिच्या शेजारी कधी कुणी मासळीवाला, कधी कुणी विद्यार्थी. कलिंतीचा वास मागून यायचा, तो कुणाकुणाला तुकडे द्यायचा, आणि ती काचेला कपाळ टेकून बसायची. इतकी लाज तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती. सकाळी आरशात केस विंचरतानाही ती स्वतःच्या डोळ्यांत बघायचं टाळायची. ती ओळीजवळून गेली की बायका गप्प व्हायच्या. जिऱ्याचा विषय आता रहमाही काढेना. त्या टोमण्याशिवाय कारखाना किती सुना वाटतो, हे वियामला आत्ता कळत होतं.

आणि ओळीवर वचक मात्र बसला हं! नवा प्रमुख असा ओरडायचा की यंत्रं दचकावीत. महिना उलटला आणि मोटारींच्या कारखान्याने दुसऱ्या ओळीच्या जुड्या ढिगाने परत पाठवल्या. जोड सैल, पट्ट्या ढिल्या. पूर्वी चूक झाली की बाई स्वतःच हात वर करायची, झुहैर ओळ थांबवायचा, चूक तिथेच सुटायची. आता चूक झाली की बाई ती पट्टीखाली झाकायची. ओरडून घ्यायला कुणाला आवडतं?

परत आलेल्या जुड्यांमुळे सगळे व्यवस्थापक पुन्हा त्या टेबलाशी बसले.

“बायका बेफिकीर झाल्यात,” सी मुनीर म्हणाले. “नशीब, तो मऊ माणूस तिथे नाही. काय हो, लल्ला वियाम?”

हो म्हणायचं, एवढंच होतं. सोपं होतं.

“नाही,” वियाम म्हणाली. “तो असता तर हे झालं नसतं. तो सगळ्यांत चांगला पाळीप्रमुख होता आणि ते मला तेव्हाही माहीत होतं. मी खोटं बोलले.”

सी मुनीरनी चहाचा पेला खाली ठेवला.

“खोटं? तुम्ही तर त्याचेच शब्द...”

“शब्द खरे होते, सी मुनीर. अर्थ मी खोटा लावला. त्याने विश्वासाने सांगितलेलं मी इथे आणून ओतलं. कारण तुम्ही हसलात, आणि मी घाबरले. कारण...” समोर सगळे पुरुष, बापाच्या वयाचे. “कारण मला तो आवडतो. ते कुणाला दिसू नये म्हणून मी त्याचा बळी दिला. तुम्ही त्याला न्याय म्हणालात. तो भित्रेपणा होता.”

“मग तुमच्या बाकीच्या शब्दांवर तरी मी का विश्वास ठेवायचा?”

“नका ठेवू. सगळ्यांचं पुन्हा बघा. माझ्याशिवाय बघा.”

सी मुनीरनी समोरची यादी मिटली. “बघू,” ते म्हणाले. “झुहैरचंही बघू, आणि तुमचंही. आता जा घरी.”

वायरींच्या कारखान्यात बातमी पोचायला कितीसा वेळ! ती फाटकाशी आली तेव्हा पाळी सुटलेल्या सगळ्या बायका तिच्याकडे वळून बघत होत्या. रहमाने हसू दाबायला ओठ घट्ट मिटले होते, पण डोळे काही तिचं ऐकत नव्हते. वियाम मान खाली घालून, वाऱ्याला रेटत टॅक्सीपर्यंत पोचली.

पुढच्या सीटवर, अगदी मध्ये, गिअरच्या दांड्याला गुडघे टेकून झुहैर बसला होता.

“जागा नाही,” हाज अलाल म्हणाला. “दोन्ही यांनी घेतल्यात.”

ती वळलीच होती.

“बसा,” झुहैर म्हणाला. त्याचा चेहरा लाल होता. “मला ऐसपैस बसायचं नाहीये. मला बोलायचंय. आणि ते गोड असणार नाही.”

ती बसली. गाडी निघाली. मग त्याच्या घशाशी काहीतरी आलं, अडकलं... आणि सुटलं.

“काय समजतेस काय गं तू स्वतःला? शेवटचा नंबर दे, गोदामात पाठव, झाडू मारायला लाव, मला काही नाही! पण ते मी तुला सांगितलं होतं. तुला! कारखान्याला नाही सांगितलं! रोज मागे बसून तुझ्या डोक्याकडे बघायचो, वाटायचं, आता वळेल, आता एक शब्द बोलेल. मान म्हणून वळवली नाहीस!”

“लाज वाटत होती...” ती पुटपुटली.

“मग यायचं ना सांगायला! आणि आज? आज काय भर टेबलावर? चार भिंतींत मला सांगता येत नव्हतं? नोकरी गेली तर? आईला काय सांगशील? डोकं कुठे ठेवलं होतंस?”

“खरं आहे गं पोरी त्याचं,” मागून एक म्हातारी म्हणाली.

वियाम रडत होती आणि प्रत्येक वाक्याला मान डोलवत होती. त्याने तिला ‘अगं-तुगं’ केलेलं तिच्या केव्हाच लक्षात आलं होतं. ते त्याच्या मात्र गावीही नव्हतं. तो बोलतच होता — कलिंतीचा मोठा तुकडा, फातिनचं बाळ, वाकड्या पट्ट्या, सगळं, सगळं.

शेवटी हाज अलालने स्टिअरिंगवर हात आपटला. “अरे बास की आता! बायको आहे का ती तुझी, एवढं ओरडायला?”

मागची चौघं पुढे झुकली. झुहैर समोरच्या रस्त्याकडे बघत राहिला. त्याचं कोपर तिच्या कोपराला लागलेलं होतं, आणि त्याने ते काढून घेतलं नाही.

“...अजून नाही,” तो म्हणाला.

हाजने एक शब्द न बोलता काचेचा दांडा काढून त्याच्या हातात ठेवला.

“काच लाव बाबा,” तो म्हणाला. “पोरीच्या डोळ्यांत वारा जातोय.”