पान पोचलं, कळवलं कोणी?

गुंजनची आणि निकेशची ओळख एका खिडकीतून झाली, आणि त्याने तिला ऐकवलेला पहिलाच शब्द होता, ‘नाई’.

गुंजनचे वडील तानबाजी रोहणा गावचे शेतकरी. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं आणि डॉक्टरांना त्यांची चार वर्षांपूर्वीची फाईल हवी होती. वर्ध्याच्या कडेला असलेल्या त्या मोठ्या रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूमपुढे गुंजन चिठ्ठी घेऊन उभी राहिली. खिडकीतल्या तरुणाने मागच्या रॅकवर नजर फिरवली.

“नाई. जागेवर नाई.”

“काऊन नाई?”

“जुन्या गोदामात असन. आणतो मी... बसा तुम्ही.”

वीस मिनिटांनी तो परत आला, तेव्हा शर्टाच्या बाह्यांवर धूळ होती आणि केसांत कोळ्याचं जाळं. फाईल तिला देण्याआधी त्याने वॉर्डात फोन लावला आणि एवढंच म्हणाला, “पोचली.” खबर मिळाल्याची पोच म्हणून पलीकडून सिस्टरचा खणखणीत आवाज आला, “मिळाली.” गुंजनने त्याला जाळं दाखवायला स्वतःच्या केसांना हात लावला, तर त्याने भलतीच बाजू पुसली आणि हसला. ते जाळं तिला दिवसभर आठवत राहिलं, हे मात्र तिने कुणाला सांगितलं नाही.

तानबाजींचा मुक्काम दहा दिवसांचा होता. गुंजन पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम घरून करायची, ते आता रुग्णालयातून करू लागली. रेकॉर्ड रूमसमोरच्या बाकाजवळ लॅपटॉपसाठी सॉकेट होतं, म्हणून ती तिथे बसायची. सॉकेट वॉर्डातही होतं, पण ते असो.

तिसऱ्या दिवशी तिने त्याला विचारलं की जुन्या फायली एवढ्या लांबून उचलून आणण्यापेक्षा झेरॉक्स काढून का देत नाहीत.

“झेरॉक्स काढली तं दोन फायली झाल्या,” निकेश म्हणाला. “एक डॉक्टर यात लिहीन, दुसरा त्यात. मंग खरी कोणती? आपण ओरिजिनलच हलवतो. तिथून उचलली, इथं ठेवली. तिथली जागा रिकामी.”

गुंजनला हसू आलं. तो रागावला नाही, पण काऊन हसता हे त्याने विचारलंच, आणि मग चहाच्या टपरीवर तिला आपलं काम समजावून सांगावं लागलं.

काम असं होतं. प्रोग्राम चालतो तेव्हा त्याची माहिती मेमरीच्या पानांवर असते. प्रोग्रामच्या एखाद्या कामकऱ्याने, म्हणजे थ्रेडने, पानाला हात लावला आणि पान जागेवर नसलं, की तो कामकरी तिथेच झोपतो. एरवी कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, स्वतः पान आणून देतो आणि त्याला उठवतो. गुंजनच्या प्रोग्रामने मात्र कर्नलला सांगून ठेवलं होतं, की तू फक्त कळव, पान कुठून आणायचं ते आमचं आम्ही बघू. आजवर कंपनी अशा वेळी पानाची नक्कल करून द्यायची, आणि त्यात वेळ जायचा. आता नवी सोय आली होती. नक्कल न करता पानच उचलायचं आणि नव्या जागी लावायचं. दोन महिन्यांपासून गुंजन तेच बसवत होती, आणि दोन आठवड्यांपासून रडकुंडीला आली होती. हजारातून एखादा कामकरी झोपायचा तो उठायचाच नाही. पान अगदी बरोबर जागी आलेलं, आणि हा समोर ढाराढूर.

निकेशने बशीत चहा ओतला. त्याला विचार करताना बशी लागायची.

“अन् एकच फाईल दोन वॉर्डांकडे असली तं?”

ती म्हणाली की दोघांचं सामाईक पान एकासाठी हलवता येत नाही, कर्नल सरळ नाही म्हणतो. तेवढ्यापुरती मग नक्कल देतात.

“बरं. अन् पान पोचलं, हे त्या झोपलेल्याले कोण सांगते?”

“कोण म्हणजे? हलवलं की कर्नलच उठवते...” गुंजन बोलता बोलता थांबली.

कारण तिनेच वेळ वाचवायला कर्नलला सांगितलं होतं, की दरवेळी उठवू नको. आधी दहा-वीस पानं हलवू दे, मग सगळ्यांना एकदम उठवू. पण त्या दहा-वीसात मध्येच एखादं सामाईक पान लागलं, की तिचा प्रोग्राम नकलेच्या वाटेला वळायचा, आणि आधीच पोचलेल्या पानांसाठी झोपलेल्यांना उठवायचं राहून जायचं. चार ओळींची दुरुस्ती होती. तिने ती टपरीवरच केली आणि पुढचे दोन दिवस चाचण्या चालवल्या. एकही कामकरी झोपून राहिला नाही.

हे कुठं शिकलात, असं तिने विचारल्यावर निकेशने कान खाजवला. नोकरीच्या पहिल्या महिन्यात त्याने एक फाईल टेबलावर नेऊन ठेवली होती आणि फोन करायला विसरला होता. डॉक्टर शेजारच्या खोलीत दोन तास फाईलची वाट बघत बसले. तेव्हापासून पहिले फोन, बाकी सगळं मागून.

त्या दिवशी तिला तो आवडला. म्हणजे आवडला होता आधीच, त्या दिवशी तिने ते कबूल केलं.

तानबाजी घरी गेले, पण दर गुरुवारी दाखवायला यायचं होतं. गुडघा दाखवून दहा मिनिटांत व्हायचा आणि चहा तासभर चालायचा. तिसऱ्या गुरुवारी तुम्हीचं तू झालं. डिसेंबर लागला आणि कंपनीचा मेल आला, की जानेवारीपासून सगळ्यांनी पुण्याच्या ऑफिसात हजर व्हावं. नोकरी सोडणं गुंजनला शक्य नव्हतं आणि तिला ती सोडायचीही नव्हती. तिला निकेशला सोडूनही जायचं नव्हतं. तिने आढेवेढे घेतले नाहीत.

“मले पुण्याले जा लागते, निकेश. तू येशील?”

त्याने रिकामी बशी कपाखाली सरकवली. “आई एकटी आहे इथं... मले आठ दिवस दे.”

“दिले.”

दिले म्हटल्यावर मध्येच फोन करणं तिच्या स्वभावात बसत नव्हतं. आठ दिवस गेले. नववा गेला, दहावा गेला. तानबाजी तेवढे कमालीचे खुशीत होते. पुण्यात थंडी किती पडते हे त्यांनी तिला तीनदा विचारलं आणि बहिणीला निरोप धाडून मोठी गोधडी शिवायला टाकली. मुलगी चालली याचा बापाला एवढा आनंद, म्हणून गुंजनला आणखीच रडू आलं. एवढ्या दिवसांचा अर्थ ‘नाही’ असाच होतो, हे तिने मनाशी धरलं. पण तो ‘नाही’ तिला त्याच्या तोंडून ऐकायचा होता.

अकराव्या दिवशी ती रोहण्याहून बसने निघाली, आर्वीला गाडी बदलून वर्ध्याला आली आणि थेट खिडकीपुढे उभी राहिली. तिने मागणीची चिठ्ठी भरून आत सरकवली. फाईलचं नाव, निकेश. कुठे हवी, पुणे. किती दिवस थांबलात, अकरा.

निकेशने चिठ्ठी वाचली आणि त्याचा चेहरा उतरला.

“म्हणजे... तुले माहीत नाई?”

“काय माहीत नाई?”

मग एकेक बाहेर पडलं. यशोदाबाईंनी, म्हणजे त्याच्या आईने, पहिले तीन दिवस त्याला हलू दिलं नाही. चौथ्या दिवशी त्यांनीच आपल्या धाकट्या बहिणीला राहायला बोलावलं आणि म्हणाल्या, आमचं दोघींचं जमते, तू जा. पुण्याच्या एका रुग्णालयात रेकॉर्डचंच काम मिळालं, पाच जानेवारीला हजर व्हायचं होतं. रविवारी तो रोहण्यालाही येऊन गेला होता. गुंजन नेमकी आर्वीला गेली होती, म्हणून त्याने सगळं तानबाजींना सांगितलं. बाप तिला सांगेल, असं त्याने धरलं. आपल्याकडे विचारायला आला म्हणजे पोरीशी आधी बोललाच असेल, असं तानबाजींनी धरलं. मोठी गोधडी दोघांसाठी होती.

“सगळं हलवलं,” गुंजन म्हणाली. “अन् फोन?”

तिची चूक चहाच्या बशीत बघून सांगणारा हा माणूस, आणि स्वतः तेच करून बसला होता. ती त्याच्यावर खूप रागवणार होती. तिने त्याची तयारी बसमध्ये केली होती. पण आता डोळ्यांतून पाणी आणि हसू एकदमच आलं.

“झेरॉक्स नाई पाठवून राह्यलो,” तो हळूच म्हणाला. “ओरिजिनलच येतो... पुरा.”

मग त्याने टेबलावरचा फोन उचलला आणि तिचा नंबर न बघता फिरवला. तिच्या हातातला फोन वाजला. मध्ये फक्त एक काच होती आणि मागे चिठ्ठ्या घेऊन तिघं उभे होते, तरी तिने तो कानाला लावला.

“रेकॉर्ड रूममधून बोलतो,” निकेश म्हणाला. “पोचली.”

गुंजनने ओढणीने डोळे पुसले.

“मिळाली,” ती म्हणाली, आणि फोन ठेवायची घाई दोघांपैकी कुणीच केली नाही.