पायरीवरचं लिंबू

दिवस उगवायच्या आतच गुरव बन्सीधर ओरडत देवळाबाहेर आला. देवीच्या अंगातून रक्त गळायलंय म्हणाला.

घटकाभरात गाव जमलं. हळदीनं माखलेल्या मूर्तीवर गळ्यापासून लालभडक ओघळ. व्यंकटराव देशमुखानं लगेच निदान केलं, बौद्धवाड्यातल्या सितारामनं देवी बाटवली. पंचांनी फर्मान काढलं, सितारामनं आजच गाव सोडायचं.

येत्या सोमवारी गंगाखेडच्या कोर्टात सितारामची साक्ष होती. नामांतराच्या दंगलीत त्याचं घर कुणी पेटवलं, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं.

शाळेत विज्ञान शिकवणारे दिनकरराव मास्तर पायऱ्यांखाली उभे होते. तेही बौद्ध. वर जायची सोय नव्हती. तीन वर्षांत त्यांच्या खोलीवर चहाला येणारा माणूस एकच, सिताराम. तो गेला की बोलायला चार भिंती.

मास्तरांनी खालूनच विचारलं, "बन्सीधर, रक्तावर माशा हायत का?"

"एक बी न्हाई."

"बोट लावून बघा."

"बुळबुळीत लागायलंय. साबणावानी."

"व्यंकटराव, तुमी मूर्तीला हात लावला का?"

"गुरवाआधी कोण आत जातंय? मी दारातूनच पाया पडलो."

रक्ताचं ऐकून येताना खिशात टाकलेलं लिंबू मास्तरांनी पुढं केलं.

"पायरीवर ठेवा, मास्तर," बन्सीधर म्हणाला.

त्यानं लिंबावर पाणी शिंपडलं, मगच उचललं. चिरून ओघळावर पिळलं. बारीक फेस आला, लाल विरलं, पिवळं उरलं.

"आता सगळ्यांना हळदीचा भंडारा द्या. वरून तीर्थ शिंपडा."

रिवाजानं पुरुषांनी उपरण्यांचे पदर पसरले. हळद पडली, पाणी पडलं. सगळे पदर पिवळे. व्यंकटरावाच्या पदरावर मात्र चार लाल बोटं उमटली.

"हळद खाराला लाल होती, आंबटाला परत पिवळी," मास्तर म्हणाले. "खार आन् आंबट भेटले की दोघांचाबी जोर सरतो. माझ्या सातवीच्या पोरांना हे पाठ हाय. देवीवर धुण्याच्या सोड्याचं पाणी ओतलं, आन् ओला हात उपरण्याला पुसला."

"आमच्या घरी कपडे सोड्यानंच धुत्यात," व्यंकटराव गुरकावला.

"मग सगळं उपरणं लाल झालं असतं. नुसती बोटंच कशी उठली? सितारामची साक्ष तुमच्या धाकट्या पोराच्या विरोधात हाय. गावानं हाकलला की भिऊन साक्षीला उभा राहायचा न्हाई, असा तुमचा हिशेब."

व्यंकटरावानं पदर मुठीत चुरगळला आणि वाट धरली. पंचांनी फर्मान मागं घेतलं. माफी कुणी मागितली नाही. बन्सीधर लिंबू ठेवलेली पायरी धूत बसला.

मास्तर खोलीवर आले. सवयीनं दोघांचा चहा टाकला. सिताराम तोवर गंगाखेडच्या मोटारीत बसला होता. साक्ष होईतो गावात पाठ टेकायची त्याची छाती नव्हती.

दुसरा कप मास्तरांनी बशीनं झाकून ठेवला.