चित्र स्थिर आहे

दुसऱ्याच्या डोळ्यांनी जग पाहणं, याहून उदात्त गोष्ट माणसाच्या आयुष्यात नाही. कागद कारखान्याने त्यासाठी एका कंपनीशी वार्षिक करार केला होता. देखभाल-दुरुस्ती त्यात धरून.

करारात एक जाडजूड काळा चष्मा मिळाला. तो घालून फिटरने मशीनसमोर उभं राहायचं. चष्म्यासमोर जे असेल ते कुठल्याशा दूरच्या शहरात बसलेल्या तज्ज्ञाला दिसायचं. तो तिथे हात हलवायचा आणि इथे, खऱ्याखुऱ्या मशीनवर, फिटरच्या डोळ्यांपुढे दोन निळे पारदर्शक हात तरंगू लागायचे. हे आवळ, ते सैल कर, तिथे बोट घालू नकोस. कारखान्यात या तज्ज्ञाला ‘वरचा’ म्हणत. काही बिघडलं की कामगार पत्र्याकडे बघून म्हणत, “आता वरच्यालाच काळजी.”

फिटर ही एक मुलगी होती. कारखाना तिला ताई म्हणे. घरी दादा आणि वहिनी तिच्या लग्नाची चिंता करत. एक दमला की दुसरा.

सुकवणी खात्यात बाराही महिने पाऊस पडे. तापलेल्या रोलरांची वाफ वर जाऊन पत्र्याला चिकटे आणि गार होऊन माणसांच्या मानेवर टपकत राही. अशाच एका पावसात एक बेअरिंग कुरकुरू लागलं. नेहमीचा वरचा आजारी होता, म्हणून चष्म्यात वेगळाच आवाज आला.

“डोकं हलवू नका.”

प्रेमकथेतलं पहिलं वाक्य म्हणून हे काही फारसं बरं नव्हे.

“डोकं माझं आहे,” ती म्हणाली.

“तुमचंच. पण डोळे सध्या माझ्याकडे आहेत. तुम्ही मान हलवली की इथे सगळं जग हलतं... पोटात ढवळतं हो.”

“अगं बाई! म्हणजे मी हो म्हटलं की तुमच्याकडे भूकंप?”

“आणि नाही म्हटलंत की वादळ.”

“ते तर आमच्या घरीही होतं.”

तो हसला. निळा हात बेअरिंगच्या झाकणावर टेकला. “आता माझ्या हातात हात घाला—” मग घाईघाईने, “म्हणजे... पकड कुठे धरायची ते कळेल.”

तिने घातला. काहीच लागलं नाही, ना ऊब, ना भार. तरी अंगठ्याच्या मुळाशी काहीतरी सरकलं. ते ग्रीस होतं, असं तिने मागाहून ठरवलं.

नेहमीचा वरचा बरा झाला, पण कारखान्याचं काम पुढे याच्याकडेच राहिलं. त्या वर्षी सुकवणी खात्यातल्या बेअरिंगांना प्रकृतीच्या तक्रारी फार. ती चष्मा चढवी, तो विचारी, “आज कोण आजारी?” आणि ती म्हणे, “तुम्हीच तपासा.” एकदा आवाज मध्येच तुटला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, “अहो! ऐकताय ना?”

आवाज जुळला. मग हळूच... “परत म्हणा.”

“काय?”

“मघाचंच. नीट ऐकू नाही आलं.”

“अहो—” ती म्हणाली, आणि जीभ चावली.

अडचण अशी की चष्म्यात बोललेला शब्दन् शब्द आपोआप टाइप होई. नव्या लोकांना शिकवण्यासाठी, असं करारात म्हटलं होतं. नवे लोक कधी आले नाहीत. वाचत होते ते फोरमन काका, रोज, मालिकेचा भाग वाचावा तसं.

“ताई, ते ‘अहो’ दोनदा आलंय. मशीनची चूक ना?”

“असेल काका.”

“वरचा सगळं बघतो. पण मी सगळं वाचतो, एवढं ध्यानात असू दे.”

तेव्हापासून ती बोलायची कमी आणि मान हलवायची जास्त. मान टाइप होत नव्हती.

“जेवलात?” — भूकंप.

“दमलात?” — वादळ.

“खोटं.” — अगदी बारीकसा भूकंप.

“तुमच्या पोटात नाही का ढवळत आता?” तिने एकदा विचारलंच.

“ढवळतं,” तो म्हणाला. “सवय झाली.”

मग एका सकाळी त्याचा आवाज खाली बसलेला. “इथलं ऑफिस बंद होतंय. समुद्रापलीकडे जागा देताहेत, तीन वर्षांसाठी. आज कळवायचंय. नाहीतर मी इथेच दुसरं काही बघेन... ते एका गोष्टीवर आहे.” निळे हात एकमेकांत गुंतले, सुटले. “एकदा... बघायला येऊ का?” आणि काकांसाठी पुढे, “मशीन.”

मुलीच्या घरी बघायला येणं म्हणजे काय, हे तिला कुणी समजावून सांगायला नको होतं. पण बोललं तर ते काका वाचणार. तिने मान डोलावली. पुन्हा डोलावली. चष्मा नाकावर घसरेपर्यंत डोलावली, केसांतले थेंब रोलरवर पडून चुर्रर्र झाले.

निळे हात हवेत तसेच थांबले होते. बराच वेळ. मग सावकाश खाली गेले.

“बरं,” तो म्हणाला. “कळलं मला.”

कळलं त्याला! ती दिवसभर वाफेत गुणगुणत राहिली.

रविवारी वहिनीने पडदे धुतले. “पण येणार कोण?”

“वरचा.”

“अगं, नीट सांग की!”

दुपारपर्यंत पडदे वाळले. संध्याकाळी नुसतेच लोंबत होते. पुढच्या रविवारी वहिनीने काही विचारलं नाही. ते जास्त लागलं.

मग बेअरिंग पुन्हा तापलं आणि चष्म्यात कंपनीच्या दुसऱ्या ऑफिसातल्या एका वयस्क बाईंचा आवाज आला. ताईने सवयीने मान ताठ धरली.

“हलवा हो खुशाल,” बाई म्हणाल्या. “आता चित्र हलत नाही. नवी सुधारणा आलीय. तुम्ही नाचलात तरी इथे भिंतीवरच्या तसबिरीसारखं.”

“...कधीपासून?”

“तुमचे आधीचे सर होते ना, त्यांच्या शेवटच्या दिवसापासून. सकाळी आपोआप बसली, दुपारी ते परदेशच्या जागेसाठी राजीखुशीने सही करून मोकळे. काम सोपवताना तुमचं कौतुक करत होते. म्हणाले, बाई फार स्थिर. विचारलं तरी चित्र जरासुद्धा हललं नाही.”

पत्र्यावरून थेंब पडत होते. ताईने हातातला पाना खाली ठेवला.

“त्यांना निरोप द्याल?”

“सांगा. पण सगळं टाइप होतं हं यात.”

“होऊ दे.” तिने श्वास घेतला आणि मशीनच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाली, “त्यांना सांगा, मी हो म्हटलं होतं.”

उत्तर बाईंनीच आणलं, चार-पाच दिवसांनी, चाचरत. “पोहोचला निरोप. दोनदा परत सांगायला लावला बिचाऱ्यांनी. मग म्हणाले... तोंडाने का नाही बोलली. जायच्या आधी आईने लग्न ठरवून टाकलंय त्यांचं. नकारच आलाय म्हटल्यावर तेही हो म्हणाले.”

“बरं,” ताई म्हणाली. “कुठला बोल्ट आधी?”

संध्याकाळी काका आले. सगळं वाचलेलं होतं. चेष्टेऐवजी त्यांनी चष्मा उचलून उलटसुलट पाहिला.

“कंपनीला तक्रार लिहू का, ताई? चष्म्याची?”

“काय लिहाल?”

काकांनी बराच विचार केला. “चित्र हलत नाही म्हणून...?”

ती हसली. मग हसता हसता तिने हातमोज्याने डोळे पुसले, त्यामुळे गालभर ग्रीस झालं. काकांनी खिशातला रुमाल पुढे केला आणि दुसरीकडे बघत उभे राहिले. तक्रार लिहिली गेली नाही.

चित्र स्थिर करणाऱ्या त्या सुधारणेबद्दल आजवर एकाही ग्राहकाची तक्रार आलेली नाही.