आठे

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही भर दुपारची आहे.

मी पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. मुलांना कधी खोटं सांगितलं नाही. तुम्हालाही सांगणार नाही. जे घडलं तेच लिहिते आहे.

मे १९९६. सुरत, उधना.

तेव्हा मी तिशीत होते, पुण्यात शिक्षिका. एक संस्था सुट्टीत कामगारांच्या मुलांना शिकवायला स्वयंसेवक पाठवायची. भाच्याची ट्रेकिंगची सॅक पाठीवर टाकली आणि एकटीच निघाले. घराबाहेर अशी पहिल्यांदाच.

स्टेशनबाहेर आले आणि जागच्या जागी उभी राहिले. हातगाड्यांवर कापडाच्या ताक्यांचे डोंगर. चारही बाजूंनी रिक्षांचे भोंगे. घशाला खरवडणारा रंगाचा वास. एका रिक्षावाल्याने सॅककडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "बेन, हिमालय आ बाजू नथी."

संस्थेचा योगेंद्र मला न्यायला आला होता. बँकेत कारकून होता तो. वाटेत म्हणाला, "दोन दिवसांत कान बसतील बाई. मग आवाज ऐकूच येणार नाही."

आवाज लूमचा होता. खाली यंत्रमाग, वर कामगारांच्या खोल्या.

खटाखट. खटाखट. खटाखट.

पायाखालची फरशी थरथरायची. बायका जिन्यात एकमेकींशी नुसत्या ओठांनी बोलायच्या.

वर्ग पुष्पाबाईंच्या खोलीत भरायचा. त्या शिरपूरकडच्या. नवरा राघो खालीच लूमवर कामाला. घरात ही दोघंच.

मुलगी होती. लीला. सहा वर्षांची.

१९९४ साली प्लेगची बातमी पसरली, तेव्हा अर्धं सुरत पळालं. ही तिघंही स्टेशनवर गेली. गर्दीत एका खांबापाशी लीलाचा हात सुटला. पुन्हा सापडली नाही. तेव्हापासून पुष्पाबाई दर रविवारी स्टेशनवर जाऊन त्याच खांबापाशी उभ्या राहायच्या. राघोने बोलणं सोडलं होतं.

हे सगळं योगेंद्रने सांगितलं. पुष्पाबाई स्वतः काही म्हणाल्या नाहीत. फक्त रोज भाकरी झाल्या की उरलेल्या पिठाची एक चानकी करायच्या. तळहाताएवढी, लहान मुलाची भाकरी. ती माळ्याच्या कडेला ठेवायच्या.

संध्याकाळी ती तिथे नसायची.

मी विचारलं, तर म्हणाल्या, "उंदीर असतील."

माझ्या वर्गात सात मुलं होती. हजेरीला प्रत्येकाने आपापला आकडा म्हणायचा, ही माझी शाळेतली पद्धत. मी वहीत मान घालून खुणा करायचे.

एक... दोन... सात.

दुसऱ्या दिवशी सातनंतर आणखी एक आवाज आला. बारीक. लूमच्या आवाजात अर्धा बुडालेला.

"आठे..."

नवीन मूल आलं असेल, असं मला वाटलं. वहीत आठ लिहिले. बिस्किटं आठ काढली.

एक उरलं.

तिसऱ्या दिवशीही उरलं. चौथ्या दिवशीही. कोणीतरी मधेच उठून जात असेल, असं मी मनाशी म्हटलं. नव्या ठिकाणी माणूस स्वतःला काहीही समजावतो.

वर्ग सुटला की मुलांना मी रांगेने खाली न्यायचे. जिना अरुंद, शेजारीच लूमचे पट्टे फिरायचे. दुसऱ्या खोल्यांतली पोरं रांगेत घुसायची, म्हणून मी नियमच केला होता. मी ज्याचं नाव घेईन, त्यानेच माझ्या मागे यायचं.

गुरुवारी त्या भागात लूमला सुट्टी असायची.

त्या दुपारी पहिल्यांदा शांतता ऐकली. कान दुखले.

एक... दोन... सात.

"आठे..."

आता अगदी स्पष्ट. मी वहीतून मान वर न करता म्हणाले, "आठे नाही बाळा. आठ म्हणायचं."

मुलं हसली. वाल्मिक म्हणाला, "बाई, कोणाशी बोलता?"

मी मान वर केली.

सातच मुलं होती.

मी घाबरले नाही. का, ते मला आजही सांगता येत नाही. मी पाढे घेतले. बिस्किटं वाटली. सात.

मुक्काम संपला त्या दिवशीही गुरुवारच होता. वर्गाआधी पुष्पाबाईंनी मला जेवायला वाढलं. बोलता बोलता मी सांगितलं, तुमच्या खोलीत एक मूल आहे, त्याला आठ नीट म्हणता येत नाही.

त्यांचा भाकरी थापणारा हात थांबला.

"काय म्हणतं ते?"

"आठे."

तव्यावरची भाकरी करपली.

"तो आकडा नाही, बाई," त्या म्हणाल्या. "आमच्या बोलीत आठे म्हणजे इथं."

मग अगदी सपाट आवाजात म्हणाल्या, "मीच तिला शिकवलं होतं. हरवलीस तर कुठं फिरू नको. सरळ घरी ये. मी आठेच असेन."

त्यांनी तवा उतरवला. हात धुतले.

"आज हजेरीत तिचं नाव घ्या."

त्या दिवशी मी आकडे घेतले नाहीत. नावं घेतली. पुष्पाबाई दाराशी उभ्या होत्या. सात नावं झाली. मी थांबले.

"लीला राघो पाटील."

खाली लूम बंद होते.

मग माळ्याच्या बाजूने...

"आठे..."

पुष्पाबाई माझ्याकडे पाहत होत्या. त्यांना ऐकू आलं नव्हतं.

"बोलली?"

"हो," मी म्हणाले. "आठे म्हणाली."

त्यांनी मान हलवली. रडल्या नाहीत. "मग आता स्टेशनला जायला नको," एवढंच म्हणाल्या. दोन वर्षांत त्या पहिल्यांदाच भिंतीला टेकून बसल्या.

मला तिथेच थांबायला हवं होतं.

पण गाडीची वेळ झाली होती. मला रिक्षापर्यंत सोडायला मुलं येणार होती. मी सॅक पाठीवर घेतली, दारात उभी राहिले आणि सवयीने म्हणाले,

"चला. ज्यांची नावं घेतली, त्यांनी माझ्या मागे या."

जिना उतरताना मुलांच्या चपला मागे वाजत होत्या. सर्वांत शेवटी अनवाणी पावलं येत होती. मी वळून पाहिलं नाही. त्याचा अर्थ तेव्हा माझ्या लक्षातच आला नाही.

जूनमध्ये पुण्यात शाळा सुरू झाली. चौथीचा वर्ग, बेचाळीस मुलं. पहिल्या दिवशी हजेरी संपली. मी वही मिटली.

"आठे..."

जुलैमध्ये आंतरदेशीय पत्र आलं. अक्षर योगेंद्रचं, बोलणं पुष्पाबाईंचं. खुशाली होती. राघो हल्ली दोन शब्द बोलतात, असं होतं. आणि खाली लिहिलं होतं,

"तुम्ही गेल्यापासून चानकी तशीच राहते. मुंग्या लागतात. बाई, ती तठे शे का?"

तठे शे म्हणजे तिथं आहे. हे मला कोणाला विचारावं लागलं नाही.

पत्रात हो लिहायला मला धीर झाला नाही. दिवाळीच्या सुट्टीत मी तिला परत पोचवायला सुरतेला गेले. गाडीत शेजारची जागा रिकामी ठेवली. खोलीत दुसरं कुटुंब होतं. राघोला सुरतेबाहेर पलसाण्याकडे कापड रंगवायच्या डाइंगमध्ये काम लागलं, असं कोणी म्हणालं. कोणी म्हणालं, गावी गेले. योगेंद्रची बदली झाली होती. चार दिवस मी पलसाण्याच्या रस्त्यावर विचारत फिरले. शिरपूरलाही जाऊन आले. पत्ता लागला नाही.

आता मी निवृत्त आहे. शेजारची मुलं संध्याकाळी शिकायला येतात. हजेरी मी घेत नाही. पोळ्या झाल्या की उरलेल्या कणकेची एक चानकी करते.

ती राहत नाही.

पत्र माझ्याकडे आहे. त्यातल्या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक आहे.

ते कुठं पाठवायचं, तेवढं ठाऊक नाही.