अंगणाच्या कडेचा ग्रह

"प्रदक्षिणा घालताना मधी थांबायचं न्हाई सत्यशीला, कुणी हाक मारली तरी." आत्या गेली, पण तिचं हे सांगणं माझ्याजवळ राहिलं.

म्हणून त्या सकाळी घाटनांदूरच्या दत्ताच्या देवळात, औदुंबराच्या पारावरून "अहो, जरा —" असं ऐकू आलं, तरी मी चालतच राहिले. तर हाक मारणाराच लॅपटॉप छातीशी धरून माझ्यामागं धावू लागला!

"माझी वायर तुमच्या ओढणीत अडकली हाय. तुमी थांबंनात, मग मलाच फिरावं लागायलंय..."

फेरे संपल्यावर मी वायर सोडवली. पलीकडच्या गल्लीतल्या छबुबाईंचा मुलगा, रविराज. पुण्याला संशोधन करतो, सुट्टीत गावी आलेला. रेंज फक्त पारावरच. पडद्यावर एक पिवळा ठिपका, भोवती फिरणारा निळा.

"पिवळा तो तारा, हा निळा नवा जन्मलेला ग्रह. भोवतीचा वायू त्याला ओढतो. फिरता फिरता आत सरकतो आणि ताऱ्यात पडतो. खरे ग्रह वाचतात... मी कॉम्प्युटरवर मांडलेला एकबी वाचत न्हाई."

"किती जवळ जायचं, ते त्याला कुणी सांगितलं नसेल."

"तुमाला सांगितलंय वाटतं?"

मी खाली मान घालून निरांजन पुसत राहिले. कान मात्र तापले.

मग तो रोज पारावर, मी रोज पाराभोवती. एकदा म्हणाला, "तुमचं वर्तुळ लहान व्हायलंय. कावून?"

"बाहेरून ऊन लागतं."

आभाळ भरलेलं होतं... दत्तगुरू, क्षमा करा.

मग तेलगावचे पाहुणे गुरुवारी मला बघायला येणार, असं ठरलं. त्यानं हळूच विचारलं, "त्यांच्याआधी... आईला पाठवू?"

घाबरून मी नवसच बोलले. "तुमचा ग्रह वाचू द्या. त्या दिवशी मीच येईन, तुमच्या आईला होय सांगायला."

बोलले आणि पस्तावले. रोज एक ग्रह पडतच होता!

बुधवारी त्यानं हाक मारली नाही. माझे फेरे संपेपर्यंत थांबला, मग पडदा माझ्याकडं वळवला.

"तारा आपल्याजवळचा वायू झाडून टाकतो. मोकळं अंगण होतं, तिथं ओढायला वायूच न्हाई. मी ते अंगणच ठेवलं नव्हतं! आता बगा... कडेला येऊन थांबला."

"थांबला कुठं? फिरतोय की."

"फिरणारच. पडत न्हाई, एवढंच."

निळा ठिपका निवांत फिरत होता. मी प्रसादाची खोबऱ्याची वाटी ओढणीच्या टोकात बांधली, देवाला हात जोडले आणि घराकडं न वळता छबुबाईंच्या गल्लीला लागले.

"सत्यशीला! अहो... कुठं?"

हाक आली. मी थांबले नाही.