पत्र्यावरचा हात

गाडी वाचनकक्षात उभी होती. डावा दिवा फुटलेला, पुढचा कोपरा आत गेलेला, बाकी सगळी चकचकीत. नाशिकच्या विमा निवाडा केंद्रात रोज अशा वीस गाड्या येत; पण ही गाडी केंद्राचे प्रमुख डॉ. मुकुंद आठल्ये यांची स्वतःची होती. दुसऱ्याची उभी गाडी ठोकली गेली की ते प्रकरण असतं, आपली ठोकली गेली की तो अपमान असतो, हे आठल्यांना गेल्या नऊ दिवसांत कळलं होतं.

नऊ दिवस लागले ते रांगेमुळे. पत्र्याचं वाचन झाल्याशिवाय गॅरेजवाला गाडीला हात लावत नाही आणि वाचनाचा अहवाल आल्याशिवाय विमा कंपनी फाइल हलवत नाही. हे नियम आठल्यांनीच केलेले, त्यामुळे प्रमुख असूनही त्यांनी आपला नंबर पुढे घेतला नाही आणि रोज रिक्षाने कामावर आले. माणूस हट्टी होता, पण लबाड नव्हता.

कक्षाच्या दाराशी कचरू तुपे बसले होते. ते आठल्यांच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावरच्या लुणावतांकडे ड्रायव्हर होते. वय सत्तावन्न, मूळ गाव सिन्नरकडचं. विम्याच्या अर्जात 'कोणावर संशय आहे का?' असा एक रकाना असतो. आठल्यांनी त्यात तुपेंचं नाव लिहिलं होतं. त्या दिवसापासून तुपेंचा परवाना स्थगित होता. वाचनात त्यांचा हात निघाला, तर ठोकून गप्प बसल्याबद्दल तो कायमचा रद्द होणार होता, आणि सत्तावन्नाव्या वर्षी ते दुसरं काही शिकणार नव्हते.

संशयाला कारण होतं. गिरणा सोसायटीत बावीस घरं आणि चौदा गाड्यांची जागा. उरलेल्या गाड्या दुसऱ्या रांगेत आडव्या लावायच्या आणि चाकं मोकळी ठेवायची, म्हणजे आतल्याला निघायचं असेल तर तो बाहेरची गाडी ढकलून वाट करून घेतो. गाड्या विजेवर आल्या, रस्ता स्वतः शोधायला लागल्या, पण पार्किंग काही वाढलं नाही. शेवटी कंपन्यांनी हात टेकले आणि इथल्या गाड्यांना एक 'ढकल-कळ' बसवून दिली. ती दाबली की चाकं सुटतात. ढकलून झालं की चाकाखाली दगड लावायचा, एवढीच शिस्त. सोसायटीत सकाळी सगळ्यात जास्त गाड्या ढकलत ते तुपे.

"काका, आत या," सहायक वैज्ञानिक नीलोफर बागवान म्हणाली. "काय करणार आहोत ते तुम्हाला सांगायला लागतं. हा साधा पत्रा नाही, स्मृतिपत्रा आहे. कोणी हात लावला, धक्का दिला, की त्याच्या आतले कण थोडे सरकतात आणि तसेच राहतात. किती जोर, कुठल्या दिशेने, हाताची ऊब किती, सगळं क्रमाने साठत जातं. आम्ही ते वाचतो."

"पोचा काढला की?"

"पोचा काढायला गाडी भट्टीत घालतात. तापवलं की पत्रा सपाट होतो आणि सगळं विसरतो. म्हणून आधी वाचन, मग दुरुस्ती."

"माझा हात तर असंलच त्याच्यावर. रोज ढकलतो मी."

"असू दे. त्या दिवशी शेवटचा कोणाचा होता, ते बघायचंय."

"मग बघा," तुपे म्हणाले आणि पुन्हा बाहेर जाऊन बसले. आठल्यांकडे त्यांनी पाहिलं नाही.

वाचनाला पाऊण तास लागला. पडद्यावर एकेक नोंद उमटत गेली, तशा नीलोफरच्या भुवया वर चढत गेल्या.

"सर, तुमच्या गाडीला कोणी ठोकलेलं नाही. तुमचीच गाडी पुढे गेली आणि लुणावतांच्या उभ्या गाडीवर आदळली. वेग ताशी तीन किलोमीटर. शनिवारी सकाळी नऊ वाजून बारा मिनिटं."

"म्हणजे ढकलून दगड न लावता निघून गेला. तेच म्हणतोय मी."

"डिकीवर दोन तळहात आहेत. ढकललं, गाडी थांबली. मग उजवा हात बावीस सेकंद नुसता टेकलेला. कोणाशी तरी बोलत उभं राहावं तसा. तो हात गाडी धरून होता, सर. तो निघाला आणि उताराने गाडी सुटली."

"तुपेच."

"परवान्यात नोंदलेल्या तुपेकाकांच्या हाताशी जुळणी बारा टक्के. ते नाहीत."

आठल्ये जागचे उठले. "मग कोण?"

"यंत्र म्हणतंय, अनोळखी. मालक म्हणून तुमचा हात नोंदलेला आहे, त्याच्याशी एकसष्ट टक्के. नव्वदच्या खाली आपण धरत नाही." ती थांबली. "पण हा टेकलेला हात विचित्र आहे. स्थिर नाही. सेकंदाला पाच वेळा हलतोय, अगदी एका लयीत. आधी वाटलं, गाडीचा पंखा चालू असेल. पण गाडी बंद होती."

"ती थरथर वजा कर आणि परत जुळव," आठल्ये म्हणाले. हे ते वैज्ञानिक म्हणून म्हणाले. पुढे काय येणार याची त्यांना कल्पना असती तर कदाचित म्हणाले नसते.

तिने थरथर वजा केली. नव्व्याण्णव टक्के. मालक.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, या म्हणीला लोक सहसा हसतात. नीलोफर हसली नाही. आठल्यांना तो शनिवार आता लख्ख आठवला. सोसायटीतले डॉक्टर पानसे घाईत होते, त्यांना वाट करून द्यायला आठल्यांनीच आपली गाडी ढकलली होती, त्यांच्याशी दोन शब्द बोलले होते, तेवढ्यात फोन वाजला आणि बोलत बोलत ते लिफ्टमध्ये शिरले होते. दगड लावायचा राहिला होता. रोज दगड तुपेच लावत.

पण ते आता दगडाचा विचार करत नव्हते. ते स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होते. त्यांच्या वडिलांचा हात असाच हलायचा, काम करताना नाही, नुसता टेकवला की. कंपवाताच्या शेवटच्या सहा वर्षांत त्यांना पाणी चमच्याने पाजावं लागलं होतं. आठल्यांना भीती वाटली, लहानपणी अंधारात वाटायची तशी.

नीलोफर हळू आवाजात म्हणाली, "सर, अजून मंजुरी झालेली नाही. 'वाचन अनिर्णित' असं लिहिता येतं. गाडी भट्टीत गेली की पत्रा विसरेल. थरथर फक्त आपल्या दोघांना माहीत आहे."

"आणि तुपे?"

"अनिर्णितला स्थगिती सहा महिने चालू राहते."

"अहवालातून थरथर वगळता येईल?"

"नोंदीतला कुठलाही भाग वगळायचा नाही, हे कलम तुमचंच आहे. आणि थरथर वगळली तर हात तुमचा आहे हे सिद्धच होत नाही."

हे खरं होतं. तुपेंना सोडवणारा पुरावा आणि आठल्यांचा आजार ही एकच नोंद होती. अहवाल निघाला की तो परिवहन कार्यालयात, आयुर्विमा कंपनीत आणि केंद्राच्या संचालकांकडे त्याच क्षणी पोचणार होता. आठल्यांनी बारा वर्षं भाषणांत सांगितलं होतं की पत्र्यासमोर सगळे सारखे. सांगताना त्यांच्या डोळ्यांसमोर नेहमी दुसरी माणसं असत.

ते खिडकीशी गेले. बाहेर तुपे डबा उघडून भाकरी खात होते आणि समोरच्या शिपायालाही देत होते.

"बोलाव त्यांना," आठल्ये म्हणाले.

तुपे हात पुसत आत आले.

"तुपे, गाडी मीच ढकलली होती. दगड लावला नाही. नाव तुमचं घातलं. माझं चुकलं."

तुपेंनी मान हलवली.

संशय एकावर आणि हात दुसऱ्याचा निघाला, तर अहवाल वादाचा ठरतो आणि त्याला प्रमुखाचा तळहात लागतो, मंजुरीपट्टीवर दहा सेकंद. गेल्या वर्षभरात असं प्रकरण आलंच नव्हतं, कारण खात्री असल्याशिवाय संशयाच्या रकान्यात नाव लिहायला कोणी धजत नसे. आठल्यांनी उजवा हात पट्टीवर टेकवला. पट्टीही स्मृतिपत्र्याचीच होती.

'अनोळखी व्यक्ती.'

त्यांनी हात कोटाला पुसला, पुन्हा ठेवला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा नाकारलं असतं तर अहवाल तीस दिवस कुलूपबंद झाला असता. यंत्र बरोबर होतं. ज्या हाताची त्यात नोंद होती, तो हात आता या खोलीत नव्हता.

"टेकवा साहेब," तुपे म्हणाले. "मी वरून दाबून धरतो."

त्यांनी आपला रुंद, स्टिअरिंगने घट्टे पडलेला पंजा आठल्यांच्या हातावर ठेवला आणि ढकलताना लावतात तेवढा जोर लावला. हात शांत झाला. दहा सेकंद कोणी हललं नाही. पट्टीने ओळख मान्य केली आणि अहवाल गेला. दोन मिनिटांत तुपेंच्या फोनवर परवाना परत मिळाल्याचा निरोप आला, आणि आठल्यांच्या फोनवर त्यांचा परवाना वैद्यकीय तपासणीपर्यंत स्थगित झाल्याचा.

"तुम्हाला नवल नाही वाटलं," आठल्ये म्हणाले. "हाताचं."

"संक्रांतीपासून बघतोय मी. गाडीला टेकून बोलत उभे राहता ना, तेव्हा हलतो."

"चार महिने? मग बोलला का नाहीत?"

तुपे गोंधळले. कोणी विचारेल असं त्यांना वाटलंच नव्हतं.

"मला वाटलं तुम्हाला ठाऊक असंल, साहेब," ते म्हणाले. "स्वतःचाच हात तो."